चालक आत की बाहेर

चौतीस वर्षं मी लोकांना एकच प्रश्न विचारला. आमच्या गावच्या साखर कारखान्यात मी वजनकाट्यावर कामाला होतो. आमच्याकडे साखर उसाची नाही, बीटाची करतात. बीटाचा ट्रक काट्यावर येऊन थांबला, की काचेच्या खोलीतून मी माइकवर विचारायचो, "चालक आत की बाहेर?" भरल्या ट्रकचं वजन करताना चालक आत बसून राहायचा आणि बीट ओतून रिकामा ट्रक परत काट्यावर आणला, की सिगारेटचं निमित्त करून हळूच खाली उतरायचा. फरक नव्वद किलोंचा. म्हणजे चालक स्वतःच बीट म्हणून विकला जायचा आणि पैसे कारखान्याने मोजायचे. माझ्या काळात असा एकही चालक विकला गेला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

घरी हा प्रश्न चेष्टेचा झाला होता. मी न्हाणीघरात वेळ लावला, की माझी बायको गेझिने दारावर टकटक करून विचारायची, "चालक आत की बाहेर?" लग्नाला तेहतीस वर्षं झाली तरी तिला ह्या विनोदाचा कंटाळा आला नव्हता. मला आला होता, पण तसं मी कधी बोललो नाही.

ह्या जानेवारीत, म्हणजे २०१९च्या, बीटाचा हंगाम संपला आणि मी निवृत्त झालो. लोकांना घड्याळ मिळतं. मला कारखान्याने लाकडी खोक्यात घालून दहा किलोचं लोखंडी वजन दिलं, तपासून शिक्का मारलेलं, वर माझं नाव कोरलेलं: हार्टविग ओलेंडॉर्फ. ते खोकं मी न्हाणीघरातल्या कपाटात ठेवलं. रोज सकाळी आधी ते वजन काट्यावर ठेवायचं, काटा बरोबर दहा दाखवतो का बघायचं, मगच स्वतः उभं राहायचं, असा माझा नेम झाला. न तपासलेल्या काट्यावर मी विश्वास ठेवत नाही.

मोटरहोम, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी, घ्यायचं आमचं वीस वर्षांपासून ठरलेलं होतं, आणि त्याचं कारणही कारखानाच. बीटाचा हंगाम सप्टेंबरात सुरू होतो तो जानेवारीपर्यंत चालतो. त्या दिवसांत काट्यावरच्या माणसाला सुट्टी नाही. लग्नानंतर पानं गळायच्या दिवसांत आम्ही दोघं मिळून कधी गावाबाहेर पडलोच नव्हतो. गेझिनेला स्वीडनच्या उत्तरेला जायचं होतं. तिथे सप्टेंबरात दहा-बारा दिवस सगळं रान तांबडं-पिवळं होतं आणि मग एका वाऱ्यात झडून जातं. तिच्याकडे १९९८ सालच्या एका कॅलेंडरचं पान होतं, फक्त सप्टेंबरचं. बाकीची अकरा पानं तिने केव्हाच टाकून दिली होती, हे एक स्वयंपाकघराच्या भिंतीवर पिवळं पडत राहिलं.

आमच्याकडे अडुसष्ट हजार युरो होते. थोडे माझ्या विम्याचे, थोडे तिने पाळणाघरात स्वयंपाक करून बाजूला टाकलेले. एप्रिलमध्ये हिशेबाला बसायचं, उन्हाळ्यात गाडी घ्यायची, सप्टेंबरात निघायचं, असा बेत होता.

गेझिनेला जे सांगितलं नव्हतं ते आता सांगून टाकतो. फेब्रुवारीत डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं होतं. काचबिंदू. समोरचं मला स्वच्छ दिसत होतं, तक्त्यावरची शेवटची ओळही मी घडाघडा वाचली. पण कडेचं दिसणं कमी होत चाललं होतं, आणि उजवीकडचं जास्त.

बाई म्हणाल्या, "गेलेलं परत येत नाही, ओलेंडॉर्फ. आहे ते थेंबांनी टिकवायचं बघू. पण आजपासून गाडी चालवायची नाही."

"मला सगळं दिसतंय," मी म्हटलं.

"जे दिसत नाहीये ते दिसत नाहीये, हे तुम्हाला कळणार कसं?"

मला त्यांचा भयंकर राग आला. त्यांनी दिलेलं पत्र मी घरी आणलं, वजनाच्या खोक्यात तळाशी घातलं आणि वर दहा किलो ठेवून दिले. थेंबांची बाटली तळघरात बिअरच्या बाटल्यांमागे लपवली. आणि गाडी चालवत राहिलो.

मार्चच्या सुरुवातीला आम्ही बेकरीतून परत येत होतो. आमच्या गावातल्या चौकांत उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गेझिने एकदम किंचाळली, "थांब!" मी ब्रेक दाबला. गाडीपासून हातभर अंतरावर निळं हेल्मेट घातलेली एक शाळकरी मुलगी सायकलवर होती. उजवीकडूनच आली होती. मी तिला पाहिलंच नव्हतं.

"कशा सायकली हाकतात ही पोरं," मी म्हटलं.

घर येईपर्यंत गेझिनेचा हात समोरच्या कप्प्यावर टेकलेला होता.

एप्रिलमध्ये आम्ही जुन्या मोटरहोम विकणाऱ्याच्या आवारात गेलो. तिथल्या क्रोन बाई जाड्याजुड्या, बोलक्या आणि आकड्यांना पक्क्या होत्या, त्यामुळे मला आवडल्या. त्यांनी दोन गाड्या दाखवल्या. मोठी सव्वाचार टनांची, सहासष्ट हजार नऊशेला. मागे कायमचा पलंग, उभं राहून अंघोळ करता येईल अशी मोरी. लहान साडेतीन टनांची, अठ्ठावन्न हजार चारशेला. तिच्यात रोज रात्री टेबल मोडून पलंग करायचा.

"मोठी चालवणार कोण?" क्रोन बाईंनी विचारलं. "परवाना कधीचा आहे?"

मी खिशातून काढला. करडा, हाताळून हाताळून कापडासारखा मऊ झालेला, १९७१चा. फोटोत माझे केस कानांखाली आलेले.

"अगंबाई, जुना! मग काय, साडेसात टनांपर्यंत बिनधास्त चालवा. आणि बाई, तुमचा?"

गेझिने गाडी शिकली ती तिचे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा, २००१ साली. तोवर कायदा बदलला होता. नव्या परवान्यावर साडेतीन टनांच्या वर एक किलोसुद्धा चालत नाही.

"मग मोठी तुम्हाला नाही हं चालवता येणार," क्रोन बाई म्हणाल्या.

"ठाऊक आहे मला," गेझिने म्हणाली.

खरं सांगायचं तर मला मोठी गाडी हवी होती ती पलंगासाठी नव्हे आणि मोरीसाठीही नव्हे. ती घेतली, की चालवणारा मी एकटा. दुसरं कुणी चालवूच शकत नाही म्हटल्यावर मी चालवू शकतो का, हा प्रश्न कुणी विचारणार नव्हतं. असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं, आणि मी ते स्वतःलाही मोठ्याने सांगत नव्हतो.

"लहान गाडीत वजनाचं नीट बघावं लागेल," क्रोन बाई कागद पुढे करत म्हणाल्या. "रिकामी गाडी तीन हजार नव्वद. म्हणजे चारशे दहा किलो तुमच्या हातात. कपडे, सायकली, खाणं आणि माणूस, सगळं त्यात."

"माणसं दोन," मी म्हटलं.

"नाही, एकच. चालक रिकाम्या गाडीच्या वजनात आधीच धरलेला असतो, पंचाहत्तर किलो. तुम्ही यादीत फक्त शेजारच्या सीटवरचा माणूस लिहायचा."

"म्हणजे चालक आत," गेझिने म्हणाली. मी मोठ्याने हसलो. क्रोन बाईंना विनोद कळला नाही, तरी त्याही हसल्या.

घरी आल्यावर आमचं वाजलं. मी म्हटलं, पैसे आहेत तर मोठी घेऊ. ती म्हणाली, लहानच घ्यायची. मी तिला कंजूष म्हटलं. ती म्हणाली, "बरं, कंजूष तर कंजूष. मला आठ दिवस दे. किलोकिलोचा हिशेब मांडून दाखवते. चारशे दहामध्ये बसलं तर लहान, नाही बसलं तर तुझी मोठी."

वजनाच्या बाबतीत मला आव्हान! मी लगेच हो म्हटलं. चारशे दहामध्ये बसणार नाही, ह्याची मला खात्री होती.

आठ दिवस तिने घर काट्यावर चढवलं. गाद्या, पातेली, पावसाळी बूट, माझा रेडिओ. मी दारात उभा राहून टोमणे मारायचो.

"चमचेसुद्धा?"

"चमचेसुद्धा. चार. पाहुणे आले तर त्यांनी आपापले आणावेत."

"आणि माझं लोखंडी वजन?"

"ते कशाला? जगात कुणी वजन सोबत घेऊन फिरतं का?"

"काटा तपासायला लागतं."

"म्हणजे काटापण नेणार आहेस! अरे, आपण फिरायला चाललोय की दुकान टाकायला?"

तिची वही टेबलावर उघडीच असायची. एका पानावर पैसे, दुसऱ्यावर किलो. पैशांच्या पानावर एक ओळ मला समजली नाही: "लिंडेमान, २८०."

"हा लिंडेमान कोण?"

"सांगते नंतर."

खाली "राखीव, सात हजार" असंही होतं. "हे कशासाठी?" मी विचारलं. त्यावरही "सांगते नंतर." मला वाटलं, हिने जुनी सवय म्हणून पैसे दडपून ठेवलेत. मी विचारायचं सोडून दिलं.

आठवा दिवस रविवार होता. दुपारी कॉफी झाली, तिने बदाम लावलेला केक केला होता. वही माझ्यासमोर सरकवून ती म्हणाली, "तपास." मी कारखान्यातली लाल पेन्सिल आणली. असं कुणी आकडे समोर ठेवले, की मला बरं वाटतं. एकेक ओळ मी बोट ठेवून वाचली. सायकली आणि त्यांची चौकट, साठ. कपडे आणि बूट, अठ्ठावन्न. खाणंपिणं, चाळीस. बाहेर मांडायच्या खुर्च्या आणि टेबल, एकोणीस. एका ओळीत चक्क माझं वजनही होतं: "ह.चं लोखंड, दहा." मी तिच्याकडे बघितलं, ती केकवरचे बदाम वेचत होती. खालची बेरीज चारशे चार. बेरीज बरोबर होती. सहा किलो शिल्लक.

मी हरलो होतो. तेवढ्यात वरची पहिली ओळ मला दिसली: "शेजारची सीट, ९४."

"सापडली!" मी पेन्सिल टेबलावर आपटली. "अगं, चूक केलीस तू. चौऱ्याण्णव मी आहे. चालक धरलेला असतो, क्रोन बाईंनी सांगितलं नव्हतं का? इथे तू पाहिजेस. त्रेसष्ट." मी चौऱ्याण्णववर लाल रेघ मारली आणि वर त्रेसष्ट लिहिलं. "एकतीस किलो वाचवून दिले तुला फुकटात. काट्यावरच्या माणसाशी गाठ आहे."

गेझिने हसली नाही. तिने कप खाली ठेवला.

"ती चूक नाहीये, हार्टविग."

मी परत वहीकडे बघितलं. शेजारची सीट. चौऱ्याण्णव. ही गाडी खरोखर काट्यावर उभी केली तर आम्हा दोघांचं मिळून वजन तेवढंच भरणार. कोण कुठल्या सीटवर बसलंय ते काट्याला कळत नाही. पण कागदाला कळतं. तिने आठ दिवस चमचे मोजून, किलोकिलो वाचवून जे मांडलं होतं ते ह्या एका आकड्यासाठी होतं. साडेतीन टनांची गाडी, म्हणजे तिच्या परवान्यात बसणारी.

माझे कान तापले.

"तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"मीठ," ती म्हणाली.

"काय?"

"नाताळपासून तू जेवताना मला मीठ मागतोस. मीठ तुझ्या उजव्या हाताशी असतं. तेहतीस वर्षं तिथेच आहे." "मग ती मुलगी आडवी आली तेव्हा खात्री पटली. आणि पत्र तू त्या खोक्यात ठेवलंस. कपाटाची धूळ कोण पुसतं ह्या घरात?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललास?" आता तिचा आवाज चढला. "मी रोज तुझ्या शेजारी जीव मुठीत धरून बसायची. दोनदा किल्ल्या लपवल्या, तर म्हणालास, गेझिने, तू विसरभोळी झालीस. बाजाराला मी एकटी जाते ती काय मला हौस आहे? वाटायचं, आज सांगेल, उद्या सांगेल. म्हटलं, माझं बोलणं हा ऐकायचा नाही. आकडा ऐकेल."

"लिंडेमान?"

"गाडी शिकवतो. चार तास लावलेत. सहा मीटरची गाडी मागे घ्यायला मला जमत नाही. बुधवारपासून, तुमच्या कारखान्याच्या आवारात."

"आमच्या काट्यासमोर?"

"काट्यासमोर."

"आणि राखीव?"

"तुझ्या डोळ्यांना. ऑपरेशन लागलं, दुसऱ्या कुठल्या गावाला न्यावं लागलं, तर कुणाच्या तोंडाकडे बघायला नको." तिने भिंतीवरच्या त्या पिवळ्या पानाकडे हात केला. "पुढच्या वर्षी तुला किती दिसेल, कुणी सांगू शकत नाही. म्हणून मला ह्याच सप्टेंबरात जायचंय. चालवणाऱ्याला नुसता रस्ता बघावा लागतो रे. शेजारच्याला रान बघता येतं. ते तू बघायला पाहिजेस."

मी उठलो. काहीतरी वाईट बोलणार होतो, ते गिळलं, न्हाणीघरात गेलो आणि दाराला कडी लावली. टबच्या काठावर बसलो. आधी तिचा राग आला, मग डॉक्टरीणबाईंचा, मग कायद्याचा. राग करायला आणखी कुणी उरलं नाही तेव्हा ते निळं हेल्मेट आठवलं. हातभर अंतर. गेझिने त्या दिवशी शेजारी नसती तर? हा प्रश्न मी दीड महिना मनात येऊ दिला नव्हता. मला भीती वाटली. आणि लाज वाटली. चौतीस वर्षं मी ज्यांना पकडलं त्यांच्यापेक्षा मी वाईट निघालो होतो. ते बिचारे नव्वद किलो बीट चोरत होते. मी सव्वाचार टन लोखंड घेऊन रस्त्यावर उतरायला निघालो होतो, आणि शेजारी बायकोला बसवून.

मला रडू आलं. डोळ्यांत थेंब घालायचे सोडून मी असले थेंब गाळत बसलो.

मग मी खोकं उघडलं. वजन उचलून काट्यावर ठेवलं. दहा. काटा बरोबर होता. खोक्याच्या तळाशी पत्र होतं, गेझिनेने ते वाचून घडीवर घडी नीट बसवून ठेवलं होतं. वजन बाजूला केलं आणि मी उभा राहिलो.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. नेहमीसारखी दणक्यात नाही, दोन बोटांची.

"हार्टविग," ती म्हणाली. मग तिने विचारलं, आणि ह्या खेपेला ती चेष्टा करत नव्हती. "चालक आत की बाहेर?"

मी आकडा वाचला. पुन्हा एकदा वाचला. कडी काढली. ती दारात उभी होती, हातात वही, डोळे लाल.

"बाहेर," मी म्हटलं. "आणि शेजारची सीट शहाण्णव. चौऱ्याण्णव सकाळचं होतं, उपाशीपोटी आणि कपड्यांशिवायचं. खोडून नीट लिही."